चमॉड ७७७ करूनही रोज रात्री 'परमिशन डिनाइड': लॉगच्या डिरेक्टरीचं काय बिनसतं आणि ते कसं शोधायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. डेबियन १२ चा सर्व्हर, त्यावर एनजिनएक्स (वेब सर्व्हर), पीएचपी-एफपीएम (पीएचपी चालवणारी सर्व्हिस) आणि लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कमध्ये लिहिलेलं ऑर्डर घेणारं अॅप्लिकेशन. लॉग /वार/लॉग/ऑर्डर्स या डिरेक्टरीत जातात, रोज नव्या तारखेची फाइल. मध्यरात्रीनंतर कधीतरी 'परमिशन डिनाइड' सुरू होतं आणि ग्राहकांना ५०० ची एरर दिसते. सकाळी कुणीतरी येऊन पूर्ण डिरेक्टरीवर 'चमॉड -आर ७७७' (आर कॅपिटल) मारतं, म्हणजे आतलं सगळं सर्वांना वाचायला-लिहायला खुलं करतं. दिवसभर सगळं सुरळीत, रात्री पुन्हा तेच. त्यात आता लॉगरोटेटनेही (जुने लॉग बाजूला सारून नव्या फाइली करणारा प्रोग्रॅम) ही डिरेक्टरी वगळायला सुरुवात केली आहे. वरच्या डिरेक्टरीच्या परमिशन असुरक्षित आहेत असा निरोप तो ठेवतो. परमिशन नेमक्या किती ठेवायच्या, असं तुम्ही विचारलं आहे.

आकडा पुढे सांगतोच, पण नुसत्या आकड्याने हे सुटणार नाही. तुमच्या वर्णनातली सगळ्यात कामाची माहिती म्हणजे वेळ. दिवसभर चालतं आणि तारीख बदलली की अडतं, याचा अर्थ जुन्या फाइली ठीक आहेत. बघायचं ते एवढंच, की नवी फाइल तयार कोण करतं. बहुतेक रूट, म्हणजे सगळे हक्क असलेला मुख्य यूजर, करतो. उद्या सकाळी ७७७ मारायच्या आधी 'एलएस -एल' चालवून त्या दिवसाच्या फाइलचा मालक बघा. मालक रूट, ग्रुप रूट आणि परमिशन ६४४ (मालक वाचतो-लिहितो, बाकीचे फक्त वाचतात) असं दिसलं की निदान झालं.

घडतं ते असं. लाराव्हेलच्या 'डेली' चॅनेलमध्ये तारीख बदलल्यावर जी प्रोसेस पहिली ओळ लिहील तीच नवी फाइल तयार करते, आणि त्या प्रोसेसचा यूजर फाइलचा मालक होतो. रात्री बाराला वेबसाइटवर गर्दी नसते, पण क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्रॅम, दर मिनिटाला जागा असतो. लाराव्हेलच्या शेड्युलरची ओळ रूटच्या क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या कामांच्या यादीत) टाकलेली असेल (निम्म्या ठिकाणी ती तिथेच सापडते, कारण 'सुडो क्रॉनटॅब -ई' हे बोटांना सवयीचं असतं), तर बारा वाजून काही सेकंदांनी शेड्युलर काहीतरी लिहितो आणि फाइल रूटच्या नावाने तयार होते. रूटचा यूमास्क (नव्या फाइलीतून कापायचे हक्क) ०२२, म्हणून ६६६ मधून ग्रुप आणि इतरांचा लिहायचा हक्क गळतो आणि ६४४ उरतं. त्यानंतर पीएचपी-एफपीएमचा वर्कर येतो. तो चालतो डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या यूजरखाली. यापुढे त्याला नुसतं 'वेब यूजर' म्हणतो. तो या फाइलसाठी 'इतर' या वर्गात मोडतो. वाचू शकतो, लिहू शकत नाही. लॉग लिहिता आला नाही म्हणून अपवाद फेकला जातो आणि ग्राहकाची ऑर्डर अडते.

'चमॉड -आर' त्या क्षणी डिरेक्टरीत असलेल्या फाइलींवर चालतो. उद्या तयार होणाऱ्या फाइलीला त्याचं काही सोयरसुतक नाही. म्हणून तुमचा इलाज तारीख बदलेपर्यंतच टिकतो.

एखाद्या रात्री बाराच्या ठोक्याला कुणा ग्राहकाची रिक्वेस्ट शेड्युलरच्या आधी पोचली, तर फाइल वेब यूजरच्या नावावर होते आणि ती रात्र शांततेत जाते. त्यामुळेच हा दोष 'कधी येतो, कधी येत नाही' असा वाटतो आणि लोक नेटवर्क, डिस्क, नुकतंच झालेलं अपडेट अशा भलत्या जागी शोधत बसतात. आणखी एक गंमत: लाराव्हेलचा मूळ टाइमझोन यूटीसी असतो. तुमच्याकडे हे रात्री बाराला घडतं, म्हणजे कुणीतरी एशिया/कोलकाता लावलेला आहे. तो लावलेला नसता तर हाच प्रकार पहाटे साडेपाचला झाला असता. रोज ठराविक वेळी येणारा दोष दिसला की ती वेळ यूटीसीमध्ये किती होते हे आधी बघावं, बरंच कळतं.

रूट कुठून घुसतो हे शोधायला फार वेळ लागत नाही. 'सुडो क्रॉनटॅब -एल' बघा, मग /ईटीसी/क्रॉनटॅब आणि /ईटीसी/क्रॉन.डी मधल्या फाइली बघा. क्यूचे वर्कर (रांगेतली कामं उरकणाऱ्या प्रोसेस) त्या चालू ठेवणाऱ्या सुपरवायझर या प्रोग्रॅमखाली चालवत असाल तर त्याच्या कॉन्फिगमध्ये 'यूजर' ही ओळ आहे का ते तपासा. ती राहून गेली असेल तर वर्कर सुपरवायझरच्याच हक्काने चालतो, म्हणजे साधारणपणे रूटच. तिसरा संशयित माणूस आहे: डिप्लॉय करताना 'सुडो पीएचपी आर्टिसन मायग्रेट' (आर्टिसन हे लाराव्हेलचं कमांड चालवायचं साधन) चालवणारा. त्या एका कमांडने त्या दिवसाची फाइल रूटची होऊ शकते आणि स्टोरेजमधल्या कॅशच्या फाइलीही. एखादी प्रोसेस कोणत्या हक्काने चालली आहे याबद्दल शंका असेल तर /प्रोक मध्ये तिच्या क्रमांकाच्या डिरेक्टरीतली 'स्टेटस' ही फाइल वाचा. यूजर, सगळे ग्रुप आणि यूमास्क तिघंही तिथे दिसतात. कॉन्फिगमध्ये काय लिहिलंय यापेक्षा इथे काय दिसतंय ते खरं.

आता दुरुस्ती. आधी मूळ, मग फाइली.

शेड्युलरची ओळ रूटच्या क्रॉनटॅबमधून काढा आणि 'सुडो क्रॉनटॅब -यू' ला वेब यूजरचं नाव देऊन त्याच्या क्रॉनटॅबमध्ये टाका. त्या यूजरचं शेल नोलॉगिन असतं, त्यामुळे 'एसयू' करून त्याच्या नावाने आत जाता येत नाही, पण क्रॉन आणि 'सुडो -यू' दोन्ही बिनतक्रार चालतात. /ईटीसी/क्रॉन.डी मध्ये वेगळी फाइल करायची असेल तर वेळेच्या पाच रकान्यांनंतर सहावा रकाना यूजरचा द्या, आणि फाइलच्या नावात टिंब ठेवू नका. डेबियनचा क्रॉन टिंब असलेली नावं वाचतच नाही, आणि तक्रारही करत नाही. सुपरवायझरच्या प्रत्येक प्रोग्रॅमला यूजर द्या. हाताने चालवायच्या सगळ्या आर्टिसन कमांड 'सुडो -यू' ने वेब यूजरच्या नावाखाली चालवायची शिस्त लावा. डिप्लॉयच्या स्क्रिप्टमध्ये ते लिहूनच टाका, कारण तोंडी सांगितलेली शिस्त रात्री अडीच वाजता कुणाला आठवत नाही.

ओळ हलवताना शेड्युलरमध्ये अशी कामं आहेत का ते बघा ज्यांना रूट खरंच लागतो. बॅकअप रूटच्या होममध्ये ठेवणं, एखादी सर्व्हिस रीस्टार्ट करणं वगैरे. ती कामं अॅप्लिकेशनच्या शेड्युलरमध्ये मुळात असायलाच नकोत. रूटच्या क्रॉनटॅबमध्ये स्वतंत्र ओळ करून त्यांना तिथे ठेवा.

मग फाइलींची साफसफाई. डिरेक्टरी इतके दिवस सगळ्यांना खुली होती, तेव्हा आधी 'फाइंड' ला 'टाइप एल' देऊन आत कुणी सिम्बॉलिक लिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारं नाव) टाकून ठेवली नाही ना ते बघा. नसेल तर मालक वेब यूजर, ग्रुप 'एडीएम' असा चओन (मालक बदलणारी कमांड) पूर्ण डिरेक्टरीवर करा. डिरेक्टरीला २७५०, आणि आतल्या फाइलींना 'फाइंड' ला 'टाइप एफ' देऊन ६४०. स्टोरेज आणि बूटस्ट्रॅपखालच्या कॅश या दोन डिरेक्टरींतही रूटच्या फाइली पडलेल्या असणार, त्यांचेही मालक सुधारा, नाहीतर लॉगचा प्रश्न सुटेल आणि सेशनचा सुरू होईल.

२७५० मधला २ म्हणजे सेट-जीआयडी. त्यामुळे आत तयार होणाऱ्या प्रत्येक नव्या फाइलीला डिरेक्टरीचाच ग्रुप मिळतो. 'एडीएम' हा डेबियनमध्ये लॉग वाचणाऱ्यांचा ठरलेला ग्रुप आहे. ज्या डेव्हलपरला लॉग बघायचे आहेत त्याला या ग्रुपमध्ये घाला, तो वाचेल, लिहू शकणार नाही. इतरांना शून्य ठेवण्यामागे कारण आहे. ऑर्डरच्या लॉगमध्ये ग्राहकांचे फोन नंबर, पत्ते, कधीकधी पेमेंटच्या रिक्वेस्टचा मजकूर असतो, आणि सर्व्हरवरच्या प्रत्येक यूजरने तो वाचावा असं काही नाही. नव्या फाइली यूमास्कमुळे ६४४ च्या होतील, तेही चालेल. बाहेरच्याला डिरेक्टरीतच शिरता येत नाही.

इथे जरा थांबून डिरेक्टरीच्या परमिशनबद्दल बोलायला हवं, कारण ७७७ ची सवय लागते ती या गोंधळातून. फाइलवरचा 'डब्ल्यू' म्हणजे मजकूर बदलायचा हक्क. डिरेक्टरीवरचा 'डब्ल्यू' म्हणजे आतली नावं बदलायचा हक्क: नवी फाइल करणं, नाव बदलणं, पुसणं. डिरेक्टरीवरचा 'एक्स' म्हणजे तिच्यातून पलीकडे जायचा हक्क, आणि तो नसेल तर बाकीच्या दोन्हींचा उपयोग जवळपास शून्य. म्हणून आधीपासून असलेल्या लॉगमध्ये ओळ जोडायला फाइलवर 'डब्ल्यू' आणि मुळापासूनच्या प्रत्येक डिरेक्टरीवर 'एक्स' पुरतो. नवी फाइल करायला शेवटच्या डिरेक्टरीवर 'डब्ल्यू' आणि 'एक्स' दोन्ही लागतात. रोटेशनला म्हणजे नाव बदलायलाही तेच. आणि पुसण्यासाठी फाइलच्या स्वतःच्या परमिशन बघितल्याच जात नाहीत. डिरेक्टरी तुम्हाला लिहू देते का, एवढंच बघितलं जातं. ७७७ च्या डिरेक्टरीत रूटच्या मालकीचा ६०० चा लॉगही सर्व्हरवरचा कुणीही साधा यूजर पुसू शकतो. घुसखोर आत आला तर पुरावा नष्ट करायला त्याला काही फोडावं लागणार नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. परमिशन तपासली जाते ती फाइल उघडताना. एकदा उघडली की प्रोसेस त्या उघड्या हँडलवर लिहीत राहते, मध्ये तुम्ही मालक बदला, परमिशन बदला, फाइल पुसून टाका, तिला पत्ता नसतो. म्हणून परमिशनमधला दोष केल्या केल्या दिसत नाही. तो रीस्टार्टला, रोटेशनला किंवा तारीख बदलताना दिसतो, आणि तोवर तो कुणी केला हे सगळे विसरलेले असतात. त्याच कारणाने 'आत्ता चालतंय' हा दुरुस्ती झाल्याचा पुरावा होत नाही. मालक बदलल्यावर पीएचपी-एफपीएम आणि वर्कर रीस्टार्ट करा, आजच्या फाइलला तात्पुरतं दुसरं नाव द्या आणि नवी फाइल कुणाच्या नावाने येते ते बघा. मध्यरात्रीची वाट बघायची गरज नाही.

तपासताना रूट म्हणून 'टच' (रिकामी फाइल तयार करणारी कमांड) करून बघू नका. रूटला हे नियम लागूच नाहीत, त्यामुळे त्याचं उत्तर नेहमी 'चालतंय' असंच येणार. 'सुडो -यू' ने वेब यूजर म्हणून 'टच' करा.

आता असा प्रसंग, की एकाच डिरेक्टरीत दोन वेगवेगळ्या यूजरनी लिहिणं खरोखर गरजेचं आहे. समजा वेब यूजर आणि डिप्लॉयचा वेगळा यूजर. नुसता सेट-जीआयडी इथे पुरत नाही. ग्रुप वारशाने मिळतो, पण यूमास्क ०२२ असल्यामुळे ग्रुपचा 'डब्ल्यू' गळालेलाच असतो, आणि मालक तर वारशाने मिळतच नाही. अशा वेळी डीफॉल्ट एसीएल (एकेका यूजरला वेगळे हक्क देणारी यादी) वापरा: 'सेटफॅकल -डी -एम' देऊन दोन्ही यूजरना आत तयार होणाऱ्या प्रत्येक फाइलवर लिहायचा हक्क द्या, आणि 'डी' शिवाय तेच पुन्हा चालवून खुद्द डिरेक्टरीवर 'आर', 'डब्ल्यू', 'एक्स' द्या. डीफॉल्ट एसीएल असेल तिथे यूमास्क बघितला जात नाही, त्यामुळे यूमास्कने हक्क गळत नाहीत. लॉग उचलून दुसरीकडे पाठवणारा एजंट असेल तर त्यालाही याच पद्धतीने नुसता वाचायचा हक्क देता येतो.

मात्र एसीएल लावल्यावर चमॉड जपून. 'एलएस -एल' मध्ये परमिशनच्या शेवटी अधिकचं चिन्ह दिसलं की समजा एसीएल आहे, आणि मधले तीन जे ग्रुपचे म्हणून दिसतात ते आता ग्रुपचे राहिलेले नाहीत, तो मास्क आहे. कुणी सवयीने ६४० केलं की मास्क नुसता वाचण्यापुरता होतो आणि एसीएलमधून ज्याला ज्याला लिहायचा हक्क दिला होता त्या सगळ्यांचा तो निकामी होतो. एसीएलच्या ओळी जागेवरच दिसतात, फक्त 'गेटफॅकल' त्यांच्यापुढे 'इफेक्टिव्ह' म्हणून खरा, कमी झालेला हक्क दाखवतो. ती टीप न वाचणारा माणूस तासन्‌तास 'हक्क तर दिलाय' म्हणत बसतो. म्हणून माझं मत असं, की लिहिणारा एकच यूजर ठेवता येत असेल तर एसीएलच्या वाटेला जाऊ नये. तुमच्या बाबतीत तो ठेवता येतो.

लॉगरोटेटकडे येऊ. तो नखरे करत नाहीये. डिरेक्टरी सगळ्यांना लिहिण्यासाठी खुली असेल, किंवा रूट सोडून दुसऱ्या ग्रुपला लिहिण्यासाठी खुली असेल, तर तो रूट म्हणून तिथे फाइलींची नावं बदलायला आणि नव्या फाइली करायला नकार देतो. कारण तो नाव बदलतो आणि नवी फाइल करतो या दोन पावलांच्या मधल्या क्षणात कुणी साधा यूजर तिथे लिंक ठेवू शकतो, आणि मग रूटच्या हाताने भलत्याच जागी फाइल तयार होते किंवा भलत्याच फाइलचा मालक बदलतो.

ही भीती नुसती पुस्तकी नाही. २०१६ मध्ये डेबियन आणि उबुंटूच्या एनजिनएक्स पॅकेजमध्ये नेमकं हेच सापडलं. सीव्हीई-२०१६-१२४७ या क्रमांकाने ते नोंदलेलं आहे. त्या पॅकेजमध्ये /वार/लॉग/एनजिनएक्स ही डिरेक्टरी वेब यूजरच्या मालकीची होती. वेबसाइटमधल्या एखाद्या भोकातून वेब यूजरचे हक्क मिळवलेला माणूस एरर लॉगच्या जागी लिंक ठेवायचा आणि वाट बघायचा. रोजच्या रोटेशननंतर एनजिनएक्सला लॉग पुन्हा उघडायचा सिग्नल जायचा, त्याची रूट म्हणून चालणारी मुख्य प्रोसेस ती लिंक उघडायची, आणि त्या माणसाला रूट मिळायचा. दुरुस्ती म्हणून डिरेक्टरीची मालकी रूटकडे गेली. आजच्या डेबियनवर ती रूट आणि एडीएमची दिसते, आतल्या फाइली वेब यूजरच्या.

लॉगरोटेटची तपासणी फक्त ग्रुपच्या आणि इतरांच्या 'डब्ल्यू' ची असते. मालकाची नसते. म्हणजे वर सांगितल्याप्रमाणे डिरेक्टरी वेब यूजरच्या मालकीची आणि २७५० केलीत की त्याची तक्रार थांबेल, पण धोका थांबलेला नसेल. मालक म्हणून वेब यूजर आत हवं ते करू शकतोच. तेव्हा या डिरेक्टरीच्या कॉन्फिगमध्ये 'एसयू' ही सूचना वेब यूजर आणि एडीएम ग्रुप देऊन लिहाच. मग लॉगरोटेट रूटचे हक्क बाजूला ठेवून वेब यूजर म्हणूनच काम करतो, आणि लिंकची युक्ती केली तरी हाती काही लागत नाही. पुष्कळ जण उलटं करतात: 'एसयू' मध्ये रूट रूट लिहितात आणि डिरेक्टरी ७७७ च ठेवतात. 'एसयू' दिसली की लॉगरोटेट ती तपासणी करत नाही, त्यामुळे निरोप जातो आणि भोक शिल्लक राहतं. उबुंटूवर मुख्य कॉन्फिगमध्येच रूट आणि एडीएमची 'एसयू' लिहिलेली असते, म्हणून तिथल्या मंडळींना हा निरोप सहसा दिसत नाही. एखादी फाइल सुटी घेऊन लॉगरोटेट हाताने चालवला की अचानक दिसतो, कारण तेव्हा मुख्य कॉन्फिग वाचलेलंच नसतं.

बदल केल्यावर 'लॉगरोटेट -डी' ला मुख्य कॉन्फिगचं नाव देऊन चालवा. तो प्रत्यक्षात काही करत नाही, काय करणार होता ते सांगतो.

पण मुळात तुम्हाला या डिरेक्टरीसाठी लॉगरोटेट हवा आहे का? 'डेली' चॅनेल स्वतःच रोज नवी फाइल करतं आणि मूळ सेटिंगप्रमाणे १४ दिवसांपलीकडच्या फाइली पुसतं. त्यावर लॉगरोटेट लावला की तारखेच्या फाइलीला पुन्हा क्रमांक लागतात, आणि जुनं कुणी पुसायचं यावर दोघांचा घोळ होतो. फाइली आटोपशीर असतील तर मी लॉगरोटेटचं कॉन्फिग काढून टाकेन. लॉग मोठे असतील आणि ते दाबून ठेवायचे असतील तर चॅनेल 'सिंगल' करा आणि सगळं लॉगरोटेटवर सोपवा. 'क्रिएट' मध्ये ६४०, वेब यूजर, एडीएम द्या, म्हणजे रोटेशननंतरची नवी फाइल योग्य मालकाची येते, आणि पोस्टरोटेटमध्ये (रोटेशननंतर चालणाऱ्या भागात) 'सुडो -यू' ने वेब यूजर म्हणून 'क्यू:रीस्टार्ट' घाला, कारण दीर्घकाळ चालणारे वर्कर जुनी फाइल उघडी धरून बसू शकतात.

७७७ ऐवजी १७७७, म्हणजे /टीएमपी सारखा स्टिकी बिट, हा उपाय कुणीतरी सुचवेलच. त्याने दुसऱ्याची फाइल पुसता येत नाही हे खरं. पण नव्या कर्नलवर 'प्रोटेक्टेड रेग्युलर' ही सेटिंग बहुतेक डिस्ट्रिब्युशन चालू ठेवतात, आणि तिच्यामुळे सगळ्यांना खुल्या अशा स्टिकी डिरेक्टरीत दुसऱ्याच्या मालकीची फाइल 'नसेल तर तयार कर' या पद्धतीने उघडायला रूटलाही 'परमिशन डिनाइड' मिळतं. बहुतेक लॉग असेच उघडले जातात. रूटला नकार मिळालेला बघून माणसं चक्रावतात. त्या वाटेला जाऊच नका.

हे सगळं करूनही अडलं, तर आधी एरर नीट वाचा. 'परमिशन डिनाइड', 'ऑपरेशन नॉट परमिटेड' आणि 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम' या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसरी दिसली तर चमॉडचा संबंध नाही: डिस्क बिघडून रीड-ओन्ली झाली असेल, किंवा सर्व्हिस चालवणाऱ्या सिस्टिमडीच्या युनिटमध्ये (सर्व्हिसच्या कॉन्फिगमध्ये) कुणी 'प्रोटेक्टसिस्टिम' ला 'स्ट्रिक्ट' लावलं असेल. तसं असेल तर 'रीडराइटपाथ्स' मध्ये ही डिरेक्टरी द्या. दुसरी दिसली आणि तुम्ही रूट असाल तर 'एलएसएटीटीआर' चालवून 'आय' किंवा 'ए' हा गुण लागलेला आहे का बघा. सुरक्षेच्या उत्साहात लॉगला 'ए' लावतात, म्हणजे फक्त शेवटी जोडता येतं, आणि मग नाव बदलता न आल्याने रोटेशन बंद पडतं.

पहिली, म्हणजे नेहमीची, आली तर 'नेमआय -एल' ला फाइलचा पूर्ण मार्ग द्या. मुळापासून फाइलीपर्यंतच्या प्रत्येक पायरीचे मालक आणि परमिशन तो एकाखाली एक दाखवतो. लॉग डेटाच्या वेगळ्या डिस्कवर हलवून इकडे लिंक ठेवली असेल, तर मधली एखादी डिरेक्टरी ७०० ची निघते आणि दोष तिथेच असतो. एखाद्या यूजरला नुकतंच ग्रुपमध्ये घातलं असेल तर चालू प्रोसेसला तो ग्रुप मिळालेला नसतो. सर्व्हिस रीस्टार्ट करा, माणसाने लॉगआउट करून परत यावं.

नेमआय सगळं ठीक दाखवत असेल आणि तरी नकार येत असेल तर परमिशनच्या वरचा पहारेकरी बघा. डेबियन आणि उबुंटूवर तो अॅपआर्मर. कर्नलच्या जर्नलमध्ये 'डिनाइड' शोधा. प्रोफाइलचं नाव आणि अडलेला मार्ग दोन्ही मिळतात. उबुंटूवर मायएसक्यूएलचे लॉग नेहमीची जागा सोडून दुसरीकडे नेले की हमखास हेच होतं. /ईटीसी/अॅपआर्मर.डी खालच्या 'लोकल' मध्ये तो मार्ग जोडा आणि प्रोफाइल पुन्हा लोड करा. रेड हॅटच्या कुळात तो एसईलिनक्स. 'एलएस -झेड' (झेड कॅपिटल) ने लेबल बघा. होममध्ये तयार केलेली फाइल 'एमव्ही' ने /वार/लॉग मध्ये आणली की जुनं लेबल सोबत येतं, 'सीपी' ने आणली तर नव्या जागेचं लागतं. 'रिस्टोरकॉन -आर' (आर कॅपिटल) चालवलं की बहुतेक वेळा मिटतं. एसईलिनक्स बंद करणं हा इलाज नाही, जसा ७७७ नाही.

कंटेनरमधून लॉग बाहेरच्या डिरेक्टरीत लिहीत असाल तर 'एलएस -एन' ने नावांऐवजी क्रमांक बघा. आतला यूजर आणि बाहेरचा यूजर नावाने सारखे असले तरी कर्नलला फक्त क्रमांक कळतो.

राहिला एक प्रश्न, जो तुम्ही विचारलेला नाही. रोज सकाळी घाईत मारलेली ती कमांड एखाद्या दिवशी एक पायरी वर, म्हणजे थेट /वार/लॉग वर मारली गेली नाही ना? 'एलएस -एल' मध्ये बीटीएमपी, डब्ल्यूटीएमपी (लॉगिनच्या नोंदी) आणि एपीटीच्या (पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) फाइलीही ७७७ दिसल्या तर मारली गेली आहे. अशा वेळी 'सिस्टिमडी-टीएमपीफाइल्स --क्रिएट' चालवा. /वार/लॉग स्वतः, डब्ल्यूटीएमपी, बीटीएमपी आणि जर्नलची डिरेक्टरी त्याने मूळ परमिशनवर येतात. बाकी पॅकेजांच्या डिरेक्टरी त्याला ठाऊक नसतात. त्यांच्यासाठी त्याच आवृत्तीच्या, तीच पॅकेजं असलेल्या दुसऱ्या चांगल्या सर्व्हरवर 'गेटफॅकल -आर' (आर कॅपिटल) चालवून /वार/लॉग ची यादी फाइलमध्ये घ्या, तिथे नसलेल्या तुमच्या ऑर्डर्ससारख्या डिरेक्टरी हाताने बघा, आणि तुमच्या सर्व्हरवर रूट म्हणून 'सेटफॅकल --रिस्टोर' ला ती फाइल द्या. परमिशन, मालक, ग्रुप तिन्ही पूर्ववत होतात. यादीत नावं असतात, क्रमांक नाहीत, त्यामुळे दोन सर्व्हरवर यूजरचे क्रमांक वेगळे असले तरी बिघडत नाही. मार्ग सुरुवातीच्या तिरप्या रेघेशिवाय नोंदले जातात, म्हणून रिस्टोरची कमांड सगळ्यात वरच्या '/' या डिरेक्टरीत उभं राहूनच चालवा. आणि वरची दुरुस्ती सुरू करण्याआधी तुमच्या आत्ताच्या स्थितीचीही अशीच एक यादी काढून ठेवा, काही चुकलं तर मिनिटभरात परत येता येईल.